पहिल्या ओळीतली प्रश्नचिन्हं

सूड घ्यायला मला आठ वर्षं लागली. हे सांगताना मला लाज वाटत नाही. एवढा उशीर का झाला याची मात्र वाटते, कारण पुरावा पहिल्या दिवसापासून तिथंच पडून होता आणि मी तो उघडून बघितला नव्हता.

तेव्हा मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका लहानशा ऑफिसात कामाला लागले होते. वेबसाइट बनवून द्यायचं ऑफिस. जिना चढून गेलं की दोन खोल्या, सात संगणक आणि दारात चपलांचा ढीग. मी पिरनवाडीत खोली घेऊन राहायची आणि बसनं यायची. नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. मालक महिन्यातून एकदा तोंड दाखवायचे, बाकी सगळा कारभार सरांच्या हातात.

सर म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. इस्त्रीचा शर्ट, रुंद कपाळ आणि बोलणं गोड. मराठी, कन्नड, इंग्रजी, कुठल्याही भाषेत गोड. काम झालं का हे विचारायचं असलं की टेबलापाशी येऊन कन्नडमध्ये म्हणायचे, ‘आयतु?’ झालं म्हणून सांगितलं तरी पाच मिनिटांनी पुन्हा, ‘आयतु?’ आम्ही सगळे त्यांना अहो-जाहो करायचो. आजही त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात आपोआप ‘म्हणाले’ असंच लिहितो. हाताला अक्कल नसते.

त्यांची एक पद्धत होती. नवी फाइल उघडली की काही लिहायच्या आधी पहिल्या ओळीत ‘॥ श्री ॥’ घालायचा. आमच्या भागात पत्र असो, लग्नाच्या बोलाचालीचा कागद असो, वर श्री घालून सुरुवात करणारी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा दिल्या की संगणक ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढं जातो. म्हणून त्या श्रीनं कामात काही बिघडत नव्हतं. ऑफिसातली बाकीची मंडळी मराठी टाइप करायच्या कंटाळ्यानं ते करायची नाहीत.

मीही करायची नाही, पण माझं कारण वेगळं होतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी जे सोडलं ते आप्पांनी परत धरलं नाही आणि मी धरायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या मागं उभे राहून म्हणाले, “श्री घातला न्हाईस?”

“आमच्यात न्हाई घालत, सर.”

“असं व्हय,” म्हणाले, आणि हसले. त्यांना माझ्याबद्दल जे काढून घ्यायचं होतं ते तेवढ्यात निघालं. दुपारी ते सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास घेत फिरायचे. त्या दिवसापासून माझ्या डब्यापाशी ते थांबले नाहीत. मी मनात नोंद केली.

आता आप्पांचं सांगते. माझे वडील निपाणीच्या एका जुन्या मराठी शाळेत शिपाई होते. घंटा वाजवणं, पाणी भरणं, खडू-फळे आणि रजिस्टरांचं कपाट. त्या कपाटात शाळा सुरू झाल्यापासूनची जनरल रजिस्टरं होती. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ: मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, जन्मतारीख. कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या अलीकडून-पलीकडून माणसं यायची, जातीच्या दाखल्यासाठी आज्ज्याची नोंद शोधायला, नाहीतर वयाचा पुरावा काढायला. दर वेळी रजिस्टर उघडलं की पानाचा एखादा कोपरा टेबलावर पडायचा. आप्पा तो कोपरा उचलून परत पानात ठेवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःहून मुख्याध्यापकांना विचारलं, “मी कंप्युटरात घालू काय ही नावं?” सातवी पास माणूस. शाळेच्याच संगणकावर एका बोटानं मराठी टाइप करायला शिकले आणि दोन वर्षं रोज सकाळी जाऊन बसले. प्रत्येक नाव आधी मोठ्यानं म्हणायचे, मग टाइप करायचे, मग पुन्हा म्हणून बघायचे. नाव संपलं की त्यांचा अंगठा जागा सोडायची पट्टी दोनदा दाबायचा, त्यामुळे प्रत्येक नावापुढं एक जागा जास्त राहायची. चार हजारांच्या वर नावं घातली त्यांनी. घरी जेवताना सांगायचे, आज अमक्या गल्लीतली सात भावंडं सापडली, आज एकाच दिवशी नाव घातलेल्या, पुढं जावा झालेल्या दोघी सापडल्या. आई म्हणायची, पोरीच्या लग्नात एवढा उत्साह दाखवा म्हणजे मिळवली.

ती शाळेची वेबसाइट आमच्याच ऑफिसनं फुकट करून दिली होती, म्हणजे सरांनी. त्यात एक खोड होती. नावं पानावर नीट दिसायची, पण शोधायला गेलं की एकही सापडायचं नाही. ते काम माझ्याकडं आलं. का होतं ते सोपं करून सांगते. आमच्या भागात कुठल्याही खिडकीपाशी उभं राहिलं की आधी भाषा ठरते. पलीकडचा माणूस कन्नडमध्ये सुरू करतो, आपण मराठीत, मग दोघं कुठंतरी जुळवून घेतात. वेबसाइटचा प्रोग्रॅम जेव्हा नावांच्या साठ्याशी बोलायला जातो तेव्हा त्यालाही सुरुवातीलाच सांगावं लागतं, की मी अमुक लिपीत बोलणार आहे. सांगितलं नाही तर साठा धरून चालतो की हा इंग्रजीवाला आहे. सरांच्या प्रोग्रॅममध्ये ती सांगायची ओळच नव्हती. त्यामुळे आप्पांचं प्रत्येक मराठी अक्षर आत तीन-तीन परदेशी अक्षरांचे तुकडे होऊन पडलं होतं. बाहेर येताना ते तुकडे परत जुळायचे, म्हणून पानावर ठीक दिसायचं. आत मात्र तिरपी रेघ डोक्यावर घेतलेले इंग्रजी a आणि त्यांच्या शेजारी चार पायांच्या कोळ्यासारखं एक चिन्ह, अशी रांगच्या रांग.

मी आधी त्या सगळ्याची एक प्रत काढून ठेवली. मग इंटरनेटवर शोधून, एकेक पायरी कागदावर लिहून घेऊन, तुकडे जोडले आणि प्रोग्रॅममध्ये ती लिपी सांगायची ओळ घातली. संध्याकाळी पाचला सगळी नावं आतूनही मराठी झाली. मी शाळेत फोन लावला. आप्पा तिथंच बसले होते.

“आप्पा, आता शोधून बघा. कुठलंबी नाव टाका.”

त्यांनी स्वतःच्या वडिलांचं नाव टाकलं. माझे आजोबा, आमच्या गल्लीतून त्या शाळेत नाव घातलेले पहिले. एका बोटानं टाइप करत होते ते मला फोनवर ऐकू येत होतं. मग आप्पा म्हणाले, “घावलं गं.” एवढंच. मी बसमध्ये खिडकीशी बसून घरी गेले आणि पूर्ण रस्ता हसत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता शाळेतून फोन आला. सगळी नावं गेली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. जेवढ्या खुणा तेवढी प्रश्नचिन्हं. आजोबांच्या जागी अकरा होती, मी मोजली.

तिसऱ्या दिवशी शाळेची कमिटी गाडी करून टिळकवाडीत आली. आप्पाही त्यांच्यात होते, मागं, दाराजवळ, पिशवी दोन्ही हातांनी धरून. सरांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि माझा संगणक फिरवून त्यांच्याकडं केला. मी घातलेली ती एक ओळ त्यांनी बोटानं दाखवली.

“हितं बघा. पोरीनं परवा ही ओळ घातली. काल नावं गेली. आता मी काय बोलू?”

कुणीतरी विचारलं, काही प्रत वगैरे ठेवली असेल ना. सरांनी मी काढलेली प्रत उघडली. पडदाभर कोळी. “बघा, बॅकपबी कुजलाय.” मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “श्री न घालता कामाला हात लावला की असंच व्हतंय. काय?”

माणसं हसली. वाईट माणसं नव्हती ती, चहा पीत होती, हसायची जागा आली म्हणून हसली. आप्पा हसले नाहीत. ते जमिनीकडं बघत होते. मी तिथं नुसती उभी होते, कारण मला खरंच वाटत होतं की ती ओळ माझी आहे, म्हणजे चूक माझी आहे. सहा महिन्यांच्या अकलेला एवढंच कळत होतं. असल्याच कोळ्यांतून दोन दिवसांपूर्वी मीच नावं जोडली होती, हेसुद्धा त्या लाजेत सुचलं नाही.

आप्पा कमिटीच्या गाडीत परत बसले नाहीत. निपाणीच्या बसमध्ये बसवायला गेले तेव्हा आप्पांनी विचारलं, “तुझ्या हातनं झालं?”

“असंल आप्पा. मला कळंना.”

“बरं,” म्हणाले.

त्या ‘बरं’नंतर आप्पांनी माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. लग्नाकार्यात कुणी चौकशी केली तर म्हणायचे, कंप्युटरात आहे, आणि विषय बदलायचे. शाळेत जाऊन बसणं त्यांनी सोडलं. पुढच्या दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. डॉक्टर म्हणाले, नजर आधीपासून कमी होत होती, ती दोन वर्षं पडद्याजवळ तोंड नेऊन बसायचे ते त्यामुळेच. म्हणजे शेवटची शिल्लक नजर त्यांनी त्या नावांवर घातली होती. हे कळल्यावर मी सरांचा द्वेष करायला लागले असं नाही, द्वेष मी स्वतःचा करत होते. सरांचा नंबर नंतर लागला.

ती नोकरी मी महिन्याभरात सोडली. पुढं जे शिकले ते सगळं त्या एका दुपारच्या रागावर. लोकांच्या वेबसाइटवर अक्षरं का फुटतात, कुठल्या दारात फुटतात, हे शोधणं हाच माझा धंदा झाला. आज मी बेळगावात घरी बसून परगावच्या कंपनीसाठी हेच करते. नावाच्या जागी काय दिसतंय यावरून मला रोग कळतो. कोळी दिसले तर माणूस बेशुद्ध आहे, उठवता येतो. प्रश्नचिन्हं दिसली तर आटोपलं. प्रश्नचिन्ह म्हणजे संगणकानं सांगितलेलं असतं की हे अक्षर मला लिहिता येत नव्हतं म्हणून मी टाकून दिलं. हे मला कळायला लागलं त्या दिवशी मी त्या जुन्या प्रकाराचा विचार करायला हवा होता. केला नाही. दुखणाऱ्या दाताकडं जीभ जाते म्हणतात, माझी कधी गेली नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. शाळेचा मोठा समारंभ ठरत होता, वेबसाइट नवीन करायची होती. “आक्का, जुन्या साइटचं सगळं सामान आम्ही तुम्हाला पाठवतो. त्यातलं काय घ्यायचं ते बघा.” आणि जाता जाता म्हणाल्या, की ज्यांनी पहिली साइट फुकट करून दिली त्या सरांचा समारंभात सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. सर आता टिळकवाडीत स्वतःचा कोचिंग क्लास चालवतात, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतात. मी म्हटलं, ठेवा की.

सामान आलं. त्या ऑफिसात कुणी काही पुसायचं नाही. सगळे एकाच पासवर्डनं आत जायचे, एकाच फोल्डरमध्ये टाकायचे, आणि नको असलेलं ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचे. मी तो ‘जुनं’ उघडला. तिथं एक लहानशी फाइल होती. तारीख नावं गेली त्याच दिवसाची. वेळ अकरा चाळीस, शाळेचा फोन यायच्या वीस मिनिटं आधीची. फाइल कुणी केली ते त्यात लिहिलेलं नव्हतं. एकच पासवर्ड असल्यावर कसं असणार? मी ती उघडली. पहिली ओळ अशी होती:

// ? ???? ?

मी ती बघितली आणि हातातला चहा खाली ठेवला.

एक, चार, एक. श्री आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं. संगणक त्यात चार खुणा मोजतो: श, त्याचा मोडलेला पाय, र, आणि वेलांटी. दोन्ही बाजूंना एकेक दंडाची जोडी, ती प्रत्येकी एक. त्या ओळीत आणखी काही असूच शकत नव्हतं. सरांनी फाइल साध्या इंग्रजी पद्धतीनं जतन केली होती. तसं करताना संगणक आधी विचारतो, की ह्यातली काही अक्षरं जातील, चालेल का? सरांनी न वाचता ‘होय’ दाबलं होतं. स्वतःचा श्रीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं प्रश्नचिन्हांत घातला होता. त्या ऑफिसात श्री घालणारा एकच माणूस होता, आणि न घालणारी मी होते, हे तर त्यांनीच भर कमिटीत सांगितलं होतं.

फाइलीच्या खालच्या ओळी वाचायला मला मिनिट लागलं नाही. आप्पांच्या अंगठ्यानं सोडलेली ती एकेक जास्तीची जागा सरांना खटकली होती. प्रत्येक नाव बाहेर काढायचं, जादा जागा छाटायची, परत आत ठेवायचं. फक्त ह्या फाइलीत त्यांनी माझी लिपी सांगणारी ओळ घेतली नव्हती. साठ्यानं त्यांना इंग्रजीवाले समजून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह हातात दिलं, आणि ह्यांनी ती प्रश्नचिन्हं परत जागेवर नेऊन ठेवली. एका रिकाम्या जागेसाठी चार हजार माणसं. मग फाइल ‘जुनं’मध्ये ढकलली आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. चहा सांगतानाही माहीत होतं.

मी उठून घरभर फिरले. मोठ्यानं शिव्या दिल्या, मराठीत दिल्या, कमी पडल्या म्हणून कन्नडमध्ये दिल्या. मग परत येऊन बसले, कारण त्याच फोल्डरमध्ये माझी ती कुजलेली प्रतही पडून होती. कोळीच कोळी. आठ वर्षांपूर्वी मला ती सडकी वाटली होती. आता मी ती बघितली आणि मला दिसलं की सगळे जिवंत आहेत.

पहिल्या खेपेला नावं परत आली, पण जोडाक्षरं फुटली. मोडलेल्या पायाची खूण नेमकी अशा जागी पडते की इंग्रजी यादीत तिथं काहीच नसतं, आणि नेहमीची पद्धत ती गाळून टाकते. ती गाळू नये म्हणून दोन ओळी बदलल्या. दुसऱ्या खेपेला सगळी आली. घड्याळ बघितलं, वीस मिनिटं झाली होती. मी आजोबांचं नाव शोधलं. घावलं.

मी त्याच दिवशी निपाणीला गेले. आप्पा खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसून आजोबांची ओळ वाचली: नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. त्यांनी मान हलवली. मग मी दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. दहा-बारा झाल्यावर त्यांनी हात वर केला.

“सगळी हाईत?”

“सगळी हाईत आप्पा. आणि माझ्या हातनं गेली नव्हती.” आणि मग मी सगळं सांगितलं. पहिली ओळ सांगितली, जादा जागा सांगितली. सत्काराचं सांगितलं. मी म्हटलं, “समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर ती फाइल लावते. शाल खांद्यावर पडली की लावते.”

आप्पा आयुष्यात कुणाला अरे म्हणालेले मी ऐकले नव्हते. बदलीवर आलेल्या पंचवीस वर्षांच्या मास्तरालाही साहेब, पोस्टमनलाही साहेब. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं.

“पडद्यावर लावून काय व्हणार? दोन दिस बोलतील आणि इसरतील,” ते म्हणाले. मग म्हणाले, “नावं घावली म्हणून तुझ्या त्या साहेबास्नी म्हाईत हाय?”

“न्हाई.”

“मग इतक्यात सांगू नगो. रविवारी या म्हणावं.”

मी टिळकवाडीत सरांच्या क्लासात गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. गोडवा तसाच होता. मी फोनवर फाइल उघडून त्यांच्यापुढं धरली.

“हे कुणीबी केलेलं असंल,” म्हणाले.

“पहिली ओळ मोजा, सर.”

त्यांनी मोजली. प्रोग्रॅमर माणूस, मला समजावून सांगायला लागलं नाही. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“इतक्या वर्सांनी काय पायजे तुला?”

“नावं पायजेत. रजिस्टरांचे फोटो काढून ठेवलेत शाळेनं. आमच्या आप्पांपुढं बसून मोठ्यानं म्हणायचं आणि टाइप करायचं. समारंभाच्या आत. झालं की ही फाइल कुणी बघणार न्हाई, शाल तुमची.”

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “तुझा तो बॅकप व्हता की.”

“कुजलाय म्हणाला व्हता न्हवं, तुमीच.”

पुढचे चार महिने, दर रविवारी, सर बेळगावहून गाडी चालवत निपाणीला आले. टाइप करायचा फॉर्म मी खास त्यांच्यासाठी बनवला होता. प्रत्येक नावानंतर ‘जतन करा’ दाबल्याशिवाय पुढचं नाव येत नव्हतं. आधी टाइप केलेलं आडनाव स्वतःहून पुढं यायची सोय मी बंद करून टाकली होती. असले फॉर्म मी दुसऱ्या कुणासाठी केले असते तर कंपनीनं मला हाकललं असतं.

सर म्हणायचे नाव, आप्पा म्हणायचे “हं.” मधेच आप्पा थांबवायचे. “थांबा साहेब. त्येच्या बाचं नाव तसं न्हाई. परत बघा.” सर फोटो मोठा करून बघायचे, आणि दर वेळी आप्पांचंच बरोबर निघायचं. एका रविवारी सत्तरएक नावं झाल्यावर आप्पा म्हणाले, मधलं एक सुटलं, मागं जावा. सर मागं गेले. सुटलं होतं.

पहिल्या रविवारी आईनं चहा पुढं केला तेव्हा सर म्हणाले, “घेऊन आलोय.” तिसऱ्या रविवारी ऊन चढलं तेव्हा पाणी मागितलं. पाचव्या रविवारी त्यांचा डबा घरी राहिला आणि ते आमच्यात जेवले, भाकरी आणि वांग्याची भाजी, दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मी दारात उभी राहून बघत होते. मला बरं वाटलं का? लई बरं वाटलं. कुणाला हा हलकेपणा वाटत असेल तर वाटू दे, त्यांना त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

शेवटचं नाव झालं तेव्हा समारंभाला आठवडा राहिला होता. सरांनी ‘जतन करा’ दाबलं, बोटं मोडली आणि सवयीनं म्हणाले, “आयतु!” मग खुर्ची आप्पांकडं वळवून बसले. चेहरा थकलेला होता आणि खरं सांगायचं तर थोडा समाधानीही होता.

“आप्पा, झालं सगळं. माझ्याकडनं चूक झालती, मी फेडली. आता मनात कायबी ठेवू नगा.”

आप्पांनी तोंड माझ्या दिशेला केलं. मी आत जाऊन माझा लॅपटॉप आणला आणि सरांपुढं ठेवला. पडद्यावर सगळी नावं होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आप्पांच्या जादा जागांसकट. सरांनी खाली-वर करून बघितली. त्यांना वाटलं, आत्ता त्यांनीच टाइप केलेली आहेत. मग त्यांना त्या जागा दिसल्या. मग त्यांनी फाइलीची तारीख बघितली.

तारीख त्यांच्या पहिल्या रविवारच्या आधीची होती.

“बॅकपमधनं काढलीस?”

“व्हय.”

“किती वेळ लागला?”

“वीस मिनिटं.”

सर पडद्याकडं बघत राहिले. त्या रविवारांचा हिशेब त्यांच्या तोंडावर होत होता, तो मी पुरता होऊ दिला. मग ते माझ्याशी बोलले नाहीत. वडीलधारं माणूस बघून आप्पांकडं वळले आणि आवाज चिरकला त्यांचा. “आप्पा, तुम्हास्नी म्हाईत व्हतं? वीस मिनिटांचं काम, आणि माझे चार महिने घेतलासा?”

आप्पांनी तोंड खिडकीकडं वळवलं.

“मला दोन वर्सं लागलती रं,” ते म्हणाले.